डबा घरातच ठेवावा

सकाळी आठला घंटागाडी येते आणि ओला-सुका सगळा कचरा घेऊन जाते. कचऱ्याचे किस्से मात्र बिल्डिंगमध्येच राहतात आणि मी सेक्रेटरी असल्यामुळे सगळे माझ्याकडे जमा होतात. चार मित्र बसले की मी सांगतो, ते पोट धरून हसतात. पण याच प्रकरणात पाटीलआजी बिल्डिंग सोडून गेल्या आणि त्याला कारण मी, एवढं मी दर वेळी गाळायचो. आज गाळत नाही.

*

आमची बिल्डिंग रोडपालीत. आवार म्हणाल तर स्कूटर वळवण्यापुरतं. बाल्कन्या बिल्डरनेच हॉलमध्ये घेतलेल्या. त्यामुळे कचऱ्याचे डबे दाराबाहेर, पॅसेजमध्ये असायचे. मांजरं यायची, वास यायचा, तक्रारी यायच्या. मी नोटीस लावली: ‘गाडी येईपर्यंत डबा घरातच ठेवावा.’ खाली माझी लफ्फेदार सही!

पहिली तक्रार माझ्याच घरातून आली. बायको म्हणाली, “घरात कुठे ठेवायचा, ते लिहायचं राहिलं का हो?”

आमचा डबा तेव्हापासून वॉशिंग मशिनवर असतो. कपडे पिळायला लागले की तो नाचत नाचत कडेला येतो आणि आम्हा दोघांपैकी एकाला धावावं लागतं.

*

तिसऱ्या मजल्यावरच्या सावंतांची गाडी रोज चुकायची. ते ओल्या कचऱ्याची पिशवी स्कूटरच्या डिकीत टाकायचे. वाटेत कुठे घंटागाडी दिसली की देऊ म्हणून. आणि विसरायचे!

एकदा कळंबोलीला नाकाबंदी होती. हवालदार म्हणाला, “डिकी उघडा.” सावंतांनी हात जोडले, “साहेब, नको.” आता पोलिसाला ‘नको’ म्हटल्यावर तो काय करणार? त्याने स्वतः उघडली. आत तीन दिवसांचं फ्लॉवर.

“बंद करा! जा, जा, लवकर जा!”

सावंत म्हणतात, लायसन्स आणलं नव्हतं, तेही त्याने विचारलं नाही.

*

देशपांडे मॅडमनी घरात खत करायला घेतलं. जागा कुठे? हॉलमध्ये! बादलीवर लाकडी फळी, फळीवर भरतकामाचा टेबलक्लॉथ. पाहुणे आले की चहाचे कप त्यावरच.

एका पाहुण्याने नाक वर करून विचारलं, “काहीतरी शिजतंय का?”

“हो,” मॅडम म्हणाल्या, “अजून सहा आठवडे लागतील!”

*

पाटीलआजी मूळच्या गव्हाणच्या. मुलाने फ्लॅट घेतला म्हणून आल्या. पहिल्याच दिवशी सगळ्या खोल्या फिरून मला म्हणाल्या, “एवरा मोठा घर, न पाठीमागं परस नाय? साली टाकायच्या कुठं?”

बुधवार, शुक्रवार, रविवार त्यांच्याकडे मासळी. कोलंबीची डोकी आणि टरफलं त्या पिशवीत बांधून फ्रीझरमध्ये ठेवायच्या आणि सकाळी गाडीत टाकायच्या. वास नाही, मांजर नाही, नियमही पाळला.

एकदा सगळे लग्नाला गेले होते आणि जावई एकटेच आले, शेजारून किल्ली घेऊन घरात गेले. भूक लागली. त्यांनी फ्रीझर उघडला, पिशवी काढली आणि झकास कालवण केलं. आजी परतल्यावर म्हणाले, “कोलंबी एक नंबर होती हां, फक्त गर जरा कमी!”

मरेपर्यंत त्यांना सांगायचं नाही, अशी आजींनी आम्हा सगळ्यांना शपथ घातली.

*

इथपर्यंत हसू येतं. आता पुढचं.

भाजीच्या साली मात्र आजी वेगळ्या डब्यात ठेवायच्या. बारकीच्या शेळ्यांसाठी. बारकी डोंगराकडच्या वाडीवरची, पाटीत रानभाजी घेऊन अकराच्या सुमाराला यायची. साली घ्यायची आणि मग दोघी जिन्यात बसून तासभर चहा प्यायच्या. आजींशी तेवढं बोलणारं बिल्डिंगमध्ये दुसरं कोणी नव्हतं. मीसुद्धा जाता-येता ‘काय आजी?’ म्हणायचो आणि उत्तराला थांबायचो नाही.

सकाळपासून अकरापर्यंत तो डबा पॅसेजमध्ये. मी दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा स्वतः उचलला आणि घंटागाडीत रिकामा केला. नियम सगळ्यांना सारखा ना!

आजी दारात आल्या. ओरडल्या नाहीत. “साली नेल्यास, ऱ्हाऊ दे. पन तिला आता काय सांगून बोलवू?”

मला वाटलं, म्हातारं माणूस, बोलतंय काहीतरी.

मग त्यांनी डबा घरात, डायनिंग टेबलाखाली ठेवला. मुंग्या आल्या. नातू रांगता होता, तो थेट डब्यात हात घालायचा. सूनबाई वैतागली, आणि तिचं तरी काय चुकलं? रोज वाद व्हायला लागला. बारकीलाही ते ऐकू यायचं, ती यायची थांबली. महिन्याभरात आजी बोचकं बांधून गव्हाणला भावाच्या घरी निघून गेल्या.

मी फार चुकलो.

*

गेल्या आठवड्यात मीटिंग बोलावली, नोटीस काढून टाकली आणि ते सांगायला स्वतः गव्हाणला गेलो. म्हटलं, आजींना घेऊनच यावं.

घराला वळसा घालून मागे गेलो. केळी होत्या, चूल होती, दोन शेळ्या बांधलेल्या. आजी विळीवर पडवळ चिरत होत्या आणि समोर बारकी बसली होती, पाटी बाजूला ठेवून; आता ती इथे यायची. दोघींच्या मध्ये सालींचा डबा.

मी म्हणालो, “आजी—”

बारकीने मान वर करून पाहिलं. मला ओळखलं. चटकन उठली, डबा उचलून पोटाशी धरला.

“नेते, साहेब, लगेच नेते!”

“बस गो,” आजी म्हणाल्या, “ह्यो आपला परस हाय.”

बारकी बसली नाही. मी तिथे होतो तोवर ती डबा धरून उभीच होती.