हंसाबेनने धरलेलं बर्फाचं वजन

...तर काल गोष्ट इथवर आली होती, की विपुलने आपलं यंत्र जोडलं, फोन कानाला लावला आणि खूश होऊन म्हणाला, "हंसाबेन, आवाज एकदम काच! सोमवारी जुनी केबल बंद करून टाकू."

आणि हंसा भिंतीला टेकून बोटांवर काहीतरी मोजत राहिली. आता पुढचं ऐका.

ही हंसा नरपडच्या मच्छीमारांची लेक. बाप होडीवर, आई मासळी विकायची. दहावी झाली नि टेलिफोनच्या खात्यात रोजंदारीवर लागली, तेव्हा "पोरगी खांबावर चढणार?" म्हणून अख्खी आळी हसली होती. पोरगी चढली! आज सत्तावन्न वर्षांची आहे. तलासरीपासून गंजाडपर्यंत कुठली तार कुठे जाते, ते नकाशा उघडायच्या आधी तिलाच विचारतात.

प्रश्न होता टेकडीवरच्या रुग्णालयाचा. पाड्यात मोबाइलला रेंज नाही. बाई अडली की कोणीतरी धावत माळावर चढतो, रेंज शोधतो आणि रुग्णालयाला फोन लावतो. तो मध्येच तुटला तर पुन्हा लागेलच, असं नाही. हे सगळे फोन चार जुन्या सर्किटांवरून यायचे. एका सर्किटात एका वेळी तीस माणसं बोलणार. ती चारही आता नव्या फायबरवर चढवायची होती, आणि विपुल हा त्या कामाचा वापीहून आलेला ठेकेदाराचा इंजिनिअर.

पोरगा हुशार. गणित कागदावर मांडलेलं. एका आवाजाला सेकंदाला चौसष्ट किलोबिट. तीस आवाजांना एकोणीसशे वीस. चार सर्किटांना सात हजार सहाशे ऐंशी. म्हणून त्याने फायबरवर आठ हजारांची वाट मागवली. वर तीनशे वीस शिल्लक!

"किती सर्किटं चढवून बघितलीस?" हंसाने विचारलं.

"एक. बाकीच्यांवर आत्ता बोलतंय कोण? रिकामी आहेत."

"रिकामं सर्किटही तेवढंच धावतं, भाई. माल असो नसो, टेम्पो वेळेवर सुटतोच. आणि त्यात खण तीस नाहीत, बत्तीस आहेत. एक ताल धरायला, एक कोण कोणाला फोन लावतोय ते सांगायला. दोन हजार अठ्ठेचाळीस धर."

"म्हणजे चारांचे आठ हजार एकशे ब्याण्णव." विपुलने मान हलवली. "एवढ्याशाने काय होतंय? चालशे!"

"आणि वेष्टण? फायबरवर सगळं पुड्या बांधून जातं ना? प्रत्येक पुडीवर पत्ता. त्याचं वजन कोण धरणार, तुझा काका?"

विपुल हसला. "हंसाबेन, रिटायर व्हायला आलात, तरी भांडण सोडत नाही."

"मी सोडीन रे. पण सोमवारनंतर माळावरचा माणूस कोणाशी भांडेल? चारही चढव. आत्ता, माझ्यासमोर."

चढवली. रुग्णालयाच्या फोनच्या बोर्डवर गंजाडची सोमी बसते. हंसाने तिला फोन लावला. "सोमे, कसं ऐकू येतंय?"

पलीकडून तुकडे आले. "ताई... जसं काही... पाण्याखा..." आणि फोन तुटला.

विपुलचा चेहरा वाळत घातलेल्या बोंबलासारखा झाला. पण माणूस खरा. तिथूनच साहेबांना फोन करून "चूक माझी" म्हणाला आणि आठऐवजी बारा हजारांची वाट मागून घेतली. संध्याकाळपर्यंत मिळाली. चारही सर्किटं पुन्हा चढली, आणि सोमी अशी खणखणीत ओरडली, "ताई, आज कालवण कसलं?" की विपुलने फोन कानापासून हातभर लांब धरला.

सोमवारी जुनी केबल बंद झाली. दुपारी माळावरून फोन आला, पाड्यावर बाई अडली होती. वाट कुठून, ओढा कसा ओलांडायचा, शब्दन् शब्द सोमीने लिहून घेतला. गाडी वेळेत पोचली. मुलगी झाली, दोघी सुखरूप.

मंगळवारी ठेकेदाराचे मोठे साहेब स्वतः आले. चहा पिता पिता म्हणाले, "मॅडम, आमच्या पोरांना हे शिकवायला हवं. तुम्ही कुठल्या कोर्सला शिकलात?"

हंसाने बशी खाली ठेवली.

"कोर्स कसला साहेब! नरपडला आईची मासळी टेम्पोत चढवायचे मी. घेणारा सरंगे मोजतो, पण टेम्पोला बर्फसुद्धा वाहावा लागतो. नुसते सरंगे मोजून टेम्पो ठरवला ना, की बर्फ राहतो रस्त्यावर आणि मासळी वाटेतच नासते."