मॅडम आणि रविवारचा हॉल

मॅडम रागावल्या की त्यांचा आवाज चढायचा नाही, उलट खाली जायचा. शेवटच्या बाकावर ऐकू येईनासं झालं की समजायचं, आज कोणाची तरी खैर नाही.

पर्वत पाटिया भागात, इथे परराज्यात आलेल्या आमच्या मराठी समाजाची वाडी, म्हणजे कार्यालय आहे. एरवी तिथे लग्नं लागतात. कॉलेजात शिकवणाऱ्या या मॅडम रविवारी सकाळी तिथल्या हॉलमध्ये बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाच्या आम्हा मुलामुलींना खगोलभौतिकी शिकवायच्या, मराठीतून आणि फुकट. फुकट म्हणून गोडीगुलाबीने, असं मात्र नाही. "कोण म्हणालं ते नको, कशावरून म्हणालं ते सांग," हा त्यांचा धोशा.

माझे पप्पा कडोदऱ्याच्या कापड रंगवायच्या डाइंग मिलमध्ये. त्यामुळे रंगांतलं मला कोण शिकवणार, असा माझा तोरा. सगळ्यात तापलेला तारा लाल, असं मी ठणकावून सांगितलं. मॅडमनी पिशवीतून जुना तारेचा बल्ब काढला, त्याला पंख्याचा रेग्युलेटर जोडलेला. कमी केला की लालसर, वाढवला की पांढरा. "आता हात लावून सांग, कधी जास्त भाजतो," म्हणाल्या. मी हात लावला नाही. निळे तारे त्याहूनही तापलेले असतात, हे त्या दिवशी कळलं.

मग वाडीच्या प्रमुखांना रविवारी एका महाराजांचं ज्योतिष शिबिर भरवायची हुक्की आली. तुमचंही ग्रहताऱ्यांचंच आहे, एकत्रच बसा, असं ते मॅडमना हसत हसत म्हणाले. मॅडमचा आवाज इतका खाली गेला की प्रमुखांना पुढे वाकावं लागलं. "साहेब, मी मुलांना पुरावा मागायला शिकवते. तुमच्या महाराजांकडेही मागू का?" पुढच्या रविवारपासून हॉल आम्हाला बंद.

मॅडमनी वर्ग तासाभरावरच्या बारडोलीला स्वतःच्या घरी नेला. तिथवर मुलींना कोण पाठवतं? एकेक करून गळाल्या, मी तेवढी टिकले. गळालेल्यांतली एक ताऱ्याचा वर्णपट बघून त्यात कुठली मूलद्रव्यं आहेत ते सांगायची. आज ती घरी बसून साड्यांना टिकल्या चिकटवते. याचा मला अजून संताप येतो आणि तो शमावा अशी माझी इच्छाही नाही.

गेल्या महिन्यात मॅडम गेल्या. शोकसभा त्याच हॉलमध्ये ठेवली. हार घातलेल्या फोटोशेजारी उभे राहून प्रमुख गहिवरून म्हणाले, मॅडम आता आकाशातला तारा झाल्या. माझं डोकंच फिरलं. मी उठले. "त्यांना तारा करू नका. त्यांच्या वर्गाला हॉल द्या."

"बेन, हाई बोलानी येळ शे का?" ही बोलायची वेळ आहे का, असं प्रमुखांनी आमच्या बोलीत विचारलं.

"वेळ तर त्या होत्या तेव्हाही नव्हती."

हॉल काही मिळाला नाही. या रविवारी मी वाडीच्या पायऱ्यांवर फळा लावून मॅडमचा वर्ग घेणार आहे, आत लग्न असो की शिबिर. ज्याला उठवायचं असेल त्याने येऊन उठवावं.