वाडगा आधी कुमुदपुढे

शारजात तीस जणांचे डबे करणारी माझी बायको कुमुद बारा वर्षं सगळ्यांच्या मागून जेवत आली. २००२ साली शिकागोत शिकणाऱ्या आमच्या कुणालने आम्हाला तिथल्या अस्सल फ्रेंच हॉटेलात नेलं. काय तो थाट! कांद्याचं सूप आलं, वर चीजचा खरपूस थर, आणि वेटरने पहिला वाडगा कुमुदपुढे ठेवला. तिने सवयीने तो माझ्याकडे सरकवला. वेटरने हसून परत तिच्यापुढे ठेवला. तिने पुन्हा सरकवला, आणि मी गाढव चमचा उचलून तयार! मग माझीच मला लाज वाटली. “यल्ला, चल, खा आता!” मी वाडगा तिच्यापुढे ढकलला.

पहिल्याच घोटाला ती जवळजवळ ओरडली, “अहो, गरम गरम खाल्लं की असं लागतं होय!”