टॉवेलवरचे तांबडे डाग

ती घटना आठवली की आजही माझा पोलिसी रुबाब थोडा उतरतो. सोलापुरातल्या एका पोलीस ठाण्याचा मी प्रभारी होतो. सकाळची हजेरी चालू असतानाच यंत्रमागांच्या गल्लीतला चहावाला, आमचा जुना खबऱ्या, थेट आत आला.

"सायेब, मागासाठी सुताच्या कांड्या भरणाऱ्या बाईला गल्लीतनं हाकलायलेत. मारत्याल बी. टावेलावर रक्त उमटायलंय म्हनं, तिनंच करणी केलीया."

स्टेशन डायरीत नोंद करून निघालो. कारखान्याच्या दारात गर्दी होती आणि कोपऱ्यात ती बाई बसलेली, कपाळाला खोक पडलेली. मागावरून उतरलेला टॉवेल चांगला असायचा. पण धुवायला सोड्याच्या पाण्यात घातला की त्यावर तांबडे डाग उठायचे. मला प्रत्यक्ष दाखवलं. माझ्याही अंगावर काटा आला, हे कबूल करतो.

"आधी तक्रार का नाही दिली?" मी मालकाला विचारलं.

"ह्यात पोलीस काय करनार, सायेब? रोज हळद उधळून पूजा करायलोय, तरी डाग वाढायलेत की."

बाईला दवाखान्यात मलमपट्टी करून ठाण्यात आणलं आणि महिला हवालदारांसमोर जबाब घ्यायला बसलो. वाटलं, रडेल, नाही म्हणेल. ती शांतपणे म्हणाली, "व्हय सायेब, माज्याच हातात काय तर हाय. ज्या मागाच्या टावेलावर डाग उठत्यात, आमचे हे त्याच मागावर कामाला हुते. धडधाकट माणूस, जेवून झोपले ते उठलेच न्हाईत. डाक्टरला बी कारण सांगता आलं न्हाई. समदे म्हनत्यात, मीच त्यास्नी खाल्लं. तवापासनंच हे डाग हाईत."

नोकरीत कबुलीजबाब पुष्कळ ऐकले. करताच येणार नाही अशा गुन्ह्याचा हा पहिलाच.

हवालदारबाई जप्त केलेला टॉवेल उलटसुलट करून बघत होत्या. एकदम म्हणाल्या, "साहेब, कालवण सांडलेला कपडा साबणानं असाच लाल होतो की. हळद हाय ही!"

मग उलगडायला वेळ लागला नाही. नवऱ्याच्या जागी आलेल्या नव्या विणकराचं बोट कापलं होतं. त्यावर हळद दाबून तो काम करत राहिला. कोरं सूत मुळातच पिवळट, त्यात हळद कोणाला दिसणार? पहिले डाग त्याच्या बोटावरच्या हळदीचे. मग घाबरून मालकानं रोज हळद उधळायला सुरुवात केली आणि डाग वाढत गेले. त्या गर्दीतल्या प्रत्येक बाईनं घरी असा डाग शंभरदा धुतला असेल. पण इथं आधी करणी ठरली होती, मग हळद कुणाला आठवते!

बाईला घेऊन परत कारखान्यावर गेलो, पंचांसमोर कोऱ्या टॉवेलवर चिमूटभर हळद चोळली आणि तो बादलीतल्या सोड्याच्या पाण्यात बुडवला. टॉवेल तांबडा झाला. लोक ओशाळले, मालकानं हात जोडले. बाईला मारणाऱ्यांवर मी गुन्हा दाखल केला आणि स्वतःवर फार खूश झालो.

बाई मात्र बादलीकडे बघत उभी होती. "म्हंजी करणी न्हवतीच?"

"नव्हती, बाई. तुमचा काही दोष नाही."

"मग आमचे हे कशानं गेले, सायेब?"

तोवर अशा लोकांना अडाणी म्हणून मी मोकळा होत असे. तिला स्वतःला चेटकीण मानणं परवडलं होतं, कारण त्यात निदान नवऱ्याच्या मरणाला उत्तर होतं. ते उत्तर मी काढून घेतलं, योग्यच केलं, आणि बदल्यात द्यायला माझ्याजवळ काहीच नव्हतं.

"माहीत नाही, बाई," एवढंच म्हणालो. तेव्हा कुठे ती रडायला लागली.