गाडीच्या खोड्या

बाबा गेले तेव्हा त्यांची बस रस्त्याच्या डाव्या कडेला उभी होती. मी बाजारातून ओले बोंबील घेऊन आले, पिशवी ओट्यावर ठेवली आणि नेहमीसारखं विचारलं, "बाबा, कुठवर पोचलात?" उत्तर आलं नाही. ते पलंगावर उशीला टेकून बसले होते, डोळे मिटलेले, उजवा हात मांडीवर. समोर लॅपटॉपवर त्यांच्या खेळातली ती लाल बस वळणाच्या अलीकडे कडेला नीट लावलेली... इंजिन नुसतं घुरघुरत होतं. हेमंत, माझा नवरा, आंघोळीला गेला होता. त्याला काहीच कळलं नव्हतं. दीड महिना झाला, पण घर अजून त्या घुरघुरीकडे कान लावून असतं.

बाबा म्हणजे माझे सासरे. उभा जन्म रत्नागिरीकडच्या घाटांत लाल गाडी चालवण्यात गेला. निवृत्त झाले, त्यातच सासूबाई गेल्या, आणि हेमंत त्यांना भाईंदर पूर्वेच्या आमच्या दोन खोल्यांत घेऊन आला. सुरुवातीला फार वाईट गेले त्यांचे दिवस. खिडकीत उभं राहून खालच्या रिक्षावाल्यांचं रिव्हर्स बघायचे आणि स्वतःशीच चिडायचे. मी तेव्हा स्टेशनजवळच्या क्लासात कॉम्प्युटर हार्डवेअर शिकवायची. घरासाठी एक मशीन स्वतः जोडायचं मनात होतं, म्हणून एका रविवारी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून सगळे भाग मांडले. बाबा टॉर्च धरून उभे राहिले. "इंजिन कुठलं? रेडिएटर कुठाय?" असं विचारत विचारत त्यांनी प्रोसेसर आणि पंखा माझ्या विद्यार्थ्यांपेक्षा लवकर ओळखले! मशीन चालू झालं तेव्हा त्यांनी कॅबिनेटला हात लावून नमस्कार केला.

त्यात मी बस चालवायचा एक खेळ टाकून दिला आणि बाबांना पुन्हा ड्युटी लागली. आंघोळ करून, भांग पाडून खुर्चीत बसायचे. इतर लोक असले खेळ सुसाट खेळतात, आमचे बाबा रिकाम्या रस्त्यावरही लाल सिग्नलला थांबायचे. "जा ना बाबा, कुत्रंसुद्धा नाहीये तिथे," मी चिडवायची. "सिग्नल आहे," एवढंच उत्तर. वळण आलं की हॉर्न. प्रत्येक थांब्यावर मागच्या माणसाला चढू देणार. खेळ त्यांना दर वेळी उशिरा पोचल्याचा शेरा द्यायचा आणि बाबा म्हणायचे, "ह्याला घाट माहीत नाही."

चार-पाच वर्षं अशी गेली. मग त्यांना अर्धांगाचा झटका आला. डावा हात गेला, जीभ थोडी जड झाली, खुर्चीत बसणं बंद. तो अवजड मॉनिटर काही पलंगावर येणार नव्हता आणि साध्या लॅपटॉपवर तो खेळ अडखळायचा. म्हणून मी गेमिंग लॅपटॉप घेतला, आणि जागा मोकळी व्हावी म्हणून जुनं मशीन दुकानदाराला देऊन टाकलं. बाबा त्या दिवशी तपासणीसाठी हॉस्पिटलात होते. घरी आल्यावर केवढे खूश होतील, असं मला वाटलेलं...

त्यांनी रिकाम्या टेबलाकडे पाहिलं. "गाडी दिलीस? मला न विचारता?" लॅपटॉपला त्यांनी हातसुद्धा लावला नाही. दोन दिवस माझ्याशी अवाक्षर बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी मी रडकुंडीला आले, तेव्हा म्हणाले, "वृषाली, गाडी जाणारच. पण सोपवून द्यायची असते गं. तिच्या खोड्या सांगायच्या पुढच्या माणसाला. माझ्या शेवटच्या दिवशी मी डेपोत अर्धा तास त्या नव्या ड्रायव्हरला सांगत होतो, दुसरा गिअर अडतो, ब्रेक उतारावर उशिरा धरतो. नाही सांगितलं तर गाडी बिचारी बदनाम होते."

मी दुकानदाराकडून ते मशीन घेणाऱ्या मीरा रोडच्या गृहस्थांचा नंबर मिळवला, फोन लावला आणि बाबांच्या कानाशी धरला. बाबा सावकाश, शब्द जुळवत बोलू लागले, "भाईसाब, उसका बटन दो बार दबाना. पहली बार सोता है. बाजू का ढक्कन पूरा बंद मत करना, अंदर से तापता है. पंखा आवाज करे तो ऊपर से थोपटना... मारना नहीं." मला वाटलं, तो माणूस हसून फोन ठेवेल. पण पलीकडून आवाज आला, "एक मिनट चाचा, लिख लेता हूँ." बाबांनी सगळं पुन्हा सांगितलं. मग मला म्हणाले, "आण तुझी नवी गाडी."

उजव्या हाताने बाणांची बटणं दाबून ते बस चालवायला शिकले. हॉर्नचं बटण पार डावीकडे, बाण सोडल्याशिवाय तिथे त्यांचा हात पोचेना. मग क्लास सुटला की मी शेजारी बसायची. "दे," ते म्हणायचे, आणि मी हॉर्न द्यायची. माझ्या माहेरीसुद्धा इतक्या संध्याकाळी मी कुणाच्या शेजारी नुसती बसले नसेन.

जाण्याआधीच्या पंधरवड्यात मात्र त्यांनी माझं डोकं खाल्लं. "डावीकडून तापतो, खाली पाट ठेवत जा. वायर भिंतीच्या बाजूने घे. वरचा बाण हलका दाब, अंगावर येते गाडी. ब्रेक वळणाच्या जरा आधी." रोज तेच. एकदा मी वैतागून म्हणाले, "बाबा, मीच आणलाय ना तो? माहीत आहे मला सगळं." ते म्हणाले, "तरी ऐकून घे." मी भाजी चिरत होते, मान वर न करता "हं" म्हटलं.

तेराव्यानंतर पलंग आवरताना लॅपटॉप उचलला, तर खाली पाट होता आणि वायर भिंतीच्या बाजूने गेलेली. ते गाडी मला सोपवत होते, आणि मी भाजी चिरत होते.

काल संध्याकाळी धीर करून लॅपटॉप पाटावर ठेवला, त्याला हात लावून नमस्कार केला आणि खेळ उघडला. बस तिथेच उभी होती, डाव्या कडेला. वरचा बाण हलका दाबला. ब्रेक जरा आधी लावला. वळण आलं, आणि मी हॉर्न दिला.