तळं डाव्या हाताला

माझ्या लाकडी कॅमेऱ्याला घरात सगळे पेटी म्हणतात. ‘निघाला पेटी घेऊन’ म्हणजे मी रविवारी पहाटे शहराबाहेर, अळणावरच्या बाजूच्या रानात निघालो. कॅमेरा तिवईवर चढवायचा, डोक्यावर काळं कापड घ्यायचं आणि मागच्या दुधी काचेवर समोरचं रान उलटं उतरलेलं बघत राहायचं. वर भातखाचरं, खाली आभाळ. धुकं सरकतं, एखादा बगळा पाय वर करून काचेच्या वरच्या कडेनं चालत जातो, आणि आपण जागे आहोत की झोपेत हे ठरवावंसंही वाटत नाही. मन भरलं की मग फिल्मचं एकच पान आत सरकवायचं.

फोटो काढणं सोपं, दाखवायचे कुणाला हा खरा प्रश्न. कोप्पीकर रोडवरच्या आमच्या कापडाच्या दुकानात एकदा दाखवले, तर थोरला भाऊ म्हणाला, "छान आहे, पण माणूस कुठाय यात?" घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक टाकला, तो दुसऱ्या दिवशी ‘शुभ सकाळ’ आणि दोन गुलाब लावून माझ्याकडेच परत आला. माझं डोकं फिरलं. तेव्हापासून मी फोटो फक्त अक्काला दाखवतो, कागदावर छापून, हातात देऊन.

अक्का माझी थोरली बहीण, केशवापूरला राहते. दाजी गेले आणि ती घराबाहेर पडेनाशी झाली. देवळात नाही, लग्नाकार्याला नाही, भाजीसुद्धा दारात यायची. असं वर्ष होत आलं. सगळे तिच्याशी हळू आवाजात बोलायचे, ती म्हणेल त्याला हो म्हणायचे. मीही त्यातलाच. तिनं एकदा तरी फाटकाबाहेर पाऊल टाकावं एवढंच आम्हाला हवं होतं, पण तेवढं बोलायचीही कुणाची छाती होत नव्हती. आपल्या देखत ती थोडी थोडी निघून चाललीय असं वाटायचं.

रविवारी संध्याकाळी मी फोटो घेऊन जायचो. ती खिडकीशी बसायची, कागद उजेडाकडे धरून बराच वेळ बघायची, "बरा आहे" म्हणायची आणि परत द्यायची. बस्स.

एकदा मी एका तळ्याचा फोटो नेला. मागं टेकडी, काठाला सागाची झाडं, पाण्यावर धुक्याची साय. माझ्या मते त्या हंगामातला सगळ्यात चांगला. अक्कानं तो बघितला आणि म्हणाली, "तळं इकडं नाही."

"म्हणजे?"

"टेकडीकडं तोंड करून उभं राहिलं की तळं डाव्या हाताला. तू उजवीकडं दाखवलास."

लग्नानंतरची पहिली काही वर्षं दाजी त्या तळ्याकाठच्याच गावात शाळामास्तर होते. अक्का त्या तळ्यावर धुणं धुवायची. हे सगळं ठाऊक असूनही मी पेटलो, कारण तिनं बोट माझ्या फोटोवर ठेवलं होतं. "अक्का, कॅमेरा काय मनचं काढतो होय? समोर असतं तेच उमटतं."

"मला शिकवाय लागलास? तिथल्या दगडावर हात झिजलेत माझे."

"इतक्या वर्षांत विसरली असशील तू."

"हुच्चा आहेस की रे तू!" कानडीतून मला वेड्यात काढून ती उठून उभी राहिली. आवाज इतके चढले की शेजारीण दारात आली. मी चहा न घेताच निघालो.

घरी आल्यावर निगेटिव्ह काढली. फिल्मच्या कोपऱ्यात बारीक खाचा असतात, त्या बोटांनी चाचपून सुलटी बाजू ओळखायची. मी छापताना फिल्म पालथी ठेवली होती. डावं उजवीकडं गेलं होतं, आणि काचेवर सगळं उलटंच बघायची सवय असल्यानं माझ्या ते लक्षातही आलं नव्हतं. मी लगेच फोन केला.

"अक्का, ते तळं..."

"उद्या सकाळी गाडी घेऊन ये. मी येते. तुझ्या डोळ्यांनी बघ." आणि तिनं फोन ठेवलाही. चूक माझी हे सांगायला मी पुन्हा फोन लावला नाही; ती घराबाहेर पडणार होती.

सकाळी ती फाटकातून बाहेर आली, गाडीत बसली आणि आम्ही अळणावरच्या बाजूला तळ्यावर पोचलो. तळं डाव्या हातालाच होतं. पाण्यावरून धुकं उठत होतं, पलीकडं कुणाची तरी म्हैस अर्धी दिसत होती, अर्धी नव्हतीच. मी पेटी उभी केली. अक्कानं न विचारता काळं कापड उचललं आणि डोकं आत घातलं. किती वेळ आत होती कोण जाणे. कापडाखालून तिचे खांदे तेवढे हलताना दिसत होते. मी पाण्याकडं बघत राहिलो, आणि मलाही रडू आलं.

ती बाहेर आली तेव्हा मी म्हणालो, "अक्का, चूक माझीच होती. मला रात्रीच कळलं होतं."

"फोनवर तुझ्या आवाजातच कळलं मला," पदरानं डोळे पुसत ती म्हणाली.

"मग आलीस कशाला?"

"वर्षभर सगळे माझ्याशी दवाखान्यात बोलतात तसं बोलत होते रे. भांडलास तू एकटाच."