आडामागचा मुळा

लग्न होऊन मी अणदूरजवळच्या सासरी आले, तेव्हा निजामाचं राज्य होतं. घर चांगलं होतं, माणसं मायेची होती. पण त्या घरात मुळा येत नसे. मामंजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, त्याचा वास सहन होत नव्हता. आणि माझ्या माहेरी तर थंडीत मुळ्याशिवाय भाकरी खाल्ली जात नसे.

दसरा झाल्यावर मी माहेरून आणलेलं मूठभर बी परसात, आडाच्या मागं पेरलं. मामंजी तिकडं फिरकत नसत. आठ दिवसांनी कोंब दिसले आणि सासूबाई मागं येऊन उभ्या राहिल्या. त्यांना मी आत्याबाई म्हणत असे.

"काय लावलंस गं?"

"कोथिंबीर, आत्याबाई."

"मला येडी समजतीस व्हय?" असं म्हणून त्या खाली बसल्या आणि भराभर रोपं उपटू लागल्या. मी त्यांचा हात धरायला वाकले. पण त्या म्हणाल्या, "लई दाट पेरलंस. असं ठेवलं तर नुसता पाला येईल." उपटलेला कोवळा पाला त्यांनी आडाच्या पाण्यात धुतला, मीठ लावून तोंडात टाकला आणि डोळे मिटले. "लग्न झाल्यापासून खाल्ला नव्हता," त्या म्हणाल्या.

पौषात पिकं पाहायला गिरदावर, म्हणजे सरकारी महसूल खात्याचे अधिकारी, आले. जेवणाआधी हात धुवायला आडावर गेले आणि तिथूनच ओरडले, "अरे वा, मूली!"

मामंजींनी आमच्याकडं पाहिलं. मी पदर तोंडाशी धरला. आत्याबाई शांतपणे म्हणाल्या, "म्याच लावलाय."

पाहुण्यासमोर बोलायची सोय नव्हती. ज्वारीची भाकरी, पिठलं आणि दाण्याचं कूट घातलेली मुळ्याची कोशिंबीर वाढली. गिरदावर साहेबांनी दोनदा मागून घेतली, वर मामंजींच्या ताटातही आग्रहानं वाढायला लावली. मामंजी पाणी पीत पीत एकेक घास गिळत होते. स्वयंपाकघरात आम्हा दोघींना हसू आवरेना.

पाहुणे गेल्यावर आता बोलणी बसणार, असं वाटलं. मामंजी उठून शेताकडं निघून गेले. पुढच्या दसऱ्यानंतर मात्र ते स्वतः कुदळ घेऊन आडामागं गेले आणि गुडघाभर माती भुसभुशीत करून दिली.

"मला अजून न्हाय आवडत," घाम पुसत ते मला म्हणाले. "पण तुझ्या सासूनं इतकी वर्षं सांगितलंच न्हाय, तिला आवडतो म्हणून."

त्या थंडीत मुळे मनगटाएवढे झाले.